पिवळा भात आणि हवालदारांची ट्रंक

"काकू, काकांच्या पोटात काही नाही. औषध जास्त झालंय. रोज सकाळी घरातच थोडं थोडं विष जातंय त्यांच्या अंगात."

हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं नाही. माजी सैनिकांच्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीशेजारी एक लहानशी खोली आहे, तिथं बसणाऱ्या नाझनीन मॅडमनी सांगितलं. त्या क्लिनिकल फार्मासिस्ट आहेत. म्हणजे खिडकीतून गोळ्या हातात ठेवणाऱ्या नव्हेत. एका माणसाच्या पोटात कोणकोणत्या गोळ्या जातात, किती जातात आणि त्यातली कुठली नको, हे तपासणाऱ्या.

कुणाला वाटेल, ऐकून मी हात जोडले असतील. महिनाभर कॅन्सरच्या भीतीनं झोप उडालेली, त्यात हे ऐकलं. पण मला आली ती किळस. टेबलावर पसरलेल्या पट्ट्यांची, चिकट बाटल्यांची आणि मग माझ्या स्वतःच्या हातांची. हातांची का, ते पुढं सांगते. ज्यांच्या घरात रोज मूठभर गोळ्या खाणारं माणूस आहे, त्यांनी तरी हे शेवटपर्यंत वाचावं.

आमचे हे हवालदार म्हणून पेन्शनवर आले. मूळ गाव फुलंब्रीकडचं, आता घर हर्सूलला. फौजेतली सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली. बूट, ब्लँकेट, कंदील, काय म्हणाल ते यांच्या ताब्यात. माणूस घरी आला, स्टोअर काही डोक्यातून गेलं नाही. मी रागावले की यांना हवालदारसाहेब म्हणते, आणि त्या महिन्यात मी दुसरं काही म्हटल्याचं आठवत नाही.

फौजेतून येताना आणलेली काळी लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव. यांची औषधं त्यात. आत लहान लहान डबे, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. नियम दोन. इश्यू झालेली वस्तू फेकायची नाही आणि जुना माल आधी संपवायचा. ट्रंकेची किल्ली यांच्या जानव्याला असती तरी मला नवल वाटलं नसतं, पण आमच्यात जानवं नाही म्हणून ती करगोट्याला असायची. सकाळी हे गोळ्या काढून वाटीत ठेवणार, मी पाणी देणार आणि गिळेपर्यंत समोर उभी राहणार.

सुरुवात जेवणावरून झाली. एक दिवस यांनी ज्वारीची भाकरी ताटातून उचलून बाजूला ठेवली.

"ओल्या गोणपाटाचा वास यायलाय हिला."

मी पीठ बदललं. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची आमटी नको झाली. मग चहा. मग फोडणीचा धूर घरात आला की हे ओसरीवर जाऊन थुंकायला लागले. त्यानंतर उलट्या सुरू झाल्या. सकाळी एक, कधी दोन. पलंगाखाली बादली ठेवली. ती धुताना मी तोंडाला पदर बांधायची आणि तरीही मला कोरडे उमासे यायचे. नवऱ्याची सेवा वगैरे लोक गोड शब्दांत लिहितात. मी खरं लिहिते, मला घाण वाटायची. आणि घाण वाटते म्हणून स्वतःची लाज वाटायची.

एकदा मी यांचं तोंड पुसायला गेले तर यांनी माझा हात झटकला.

"सरक तिकडं. तुझ्या हाताला लसणाचा वास यायलाय."

अडतीस वर्षं याच हातचं खाल्लं या माणसानं. मी मोरीत जाऊन लिंबाच्या सालानं हात घासले, कातडी चरचरेपर्यंत. संध्याकाळी साधा भात केला, मीठ आणि तूप. तर ताटाकडं बघून म्हणतात, "भातात हळद कशाला घातलीस?"

भात पांढराशुभ्र होता. मी ताट शेजारणीला नेऊन दाखवलं, "बघा, हा पिवळा आहे का?" ती हसली. मला हसू आलं नाही. मला वाटलं, आता हे नुसते खोड्या काढायलेत. त्या रात्री मी यांच्याशी बोलले नाही. आज त्या अबोल्याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

मग मोठं खाजगी हॉस्पिटल. रक्त, लघवी, सोनोग्राफी, एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळीची दुर्बीण घालून पोट आतून बघतात. पोट स्वच्छ निघालं. वेटिंग हॉलमध्ये फिनेलचा, समोशाचा आणि कुणाच्या तरी पायाच्या जखमेचा वास एकत्र झालेला. तिथं आम्ही तीन दिवस बसलो. यांच्या गोळ्यांची चिठ्ठी एका तरुण डॉक्टरनं घेतली, फाईलला स्टेपल केली. ती कुणी वाचली नाही. मी समोर बसून बघत होते, पान उलटायचे ते थेट रिपोर्टवर जायचे.

तिसऱ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी वर धरली. "ब्रॅडिकार्डिया आहे. म्हणजे ठोके फार मंद झालेत. मिनिटाला चाळीस. पेसमेकर बसवावा लागेल, तुम्ही लोक बॅटरी म्हणता ती. माजी सैनिकांच्या दवाखान्यातून रेफरलचा, म्हणजे शिफारशीचा कागद आणा."

उलट्यांचं काय, मी विचारलं. "ते बघू नंतर," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

रेफरलसाठी आम्ही माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेलो. सकाळपासून टोकन घेऊन बसलेली म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर फाईल, प्रत्येकाची पिशवी गच्च. संडासाच्या दाराला कडी नाही, आत पाणी नाही. हे उलटी करून भिंतीला टेकत बाहेर आले आणि त्याच अवस्थेत टोकनचा नंबर विचारायला लागले. देशासाठी बर्फातही स्टोअर सांभाळलेल्या माणसाला साधी कडी मिळू नये, याचा संताप मला आजही येतो.

डॉक्टरांनी कागद लिहिला, पण म्हणाले, "आठच्या वर गोळ्या असतील तर आधी फार्मासिस्टकडून तपासून घ्यायच्या. नवीन नियम आहे."

हवालदारसाहेब दारातच अडले. "गोळ्या मोजणाऱ्या पोरीकडं मी नाय जाणार. माझा स्टॉक मला ठाऊक हाय."

"चला मुकाट्यानं," मी म्हटलं. अंगात त्राण नव्हतं म्हणून आले, नाहीतर आले नसते.

नाझनीन मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी आधी फाईल उघडली नाही. यांच्याकडं बघून विचारलं, "काका, जेवण बघूनच नको होतं ना? आणि चीजें पिवळी पिवळी दिसतात का तुम्हाला?"

माझ्या तोंडातून हुंदका बाहेर पडला. महिनाभर इतके डॉक्टर झाले, कुणी हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "भात. भात पिवळा दिसतो यांना."

त्या उठूनच उभ्या राहिल्या. "काकू, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या आणा. चालू, जुन्या, सगळ्या. आत्ता."

यांना तिथल्या बाकावर निजवून मी रिक्षा केली. किल्ली करगोट्यातून सोडून देताना यांचा चेहरा मी बघितला नाही. रिक्षावाल्यानं ट्रंक आणून खोलीत ठेवली. मॅडमनी हातमोजे घातले, झाकण उघडलं. डांबराच्या गोळ्या, खोकल्याचं सांडलेलं औषध आणि कुबट कागद यांचा भपकारा आला. तळाशी मलमाच्या ट्यूबा फुटून चिकटलेल्या. एका डब्यात झुरळाची पिल्लं. कित्येक वर्षांचा इश्यू, एक गोळी फेकलेली नाही. आणि याच ट्रंकेतून मी यांना औषध गिळायला लावत होते.

मॅडमनी एका डब्यातली पिवळी पट्टी काढली, दुसऱ्यातली निळी. दोन्ही शेजारी ठेवून मला भिंग दिलं. "मोठं नाव सोडा. खालची बारीक अक्षरं बघा."

मी दहावी शिकलेली. इंग्रजी अक्षरं जुळवता येतात. पहिलं जुळलं, दुसरं जुळलं, सगळीच जुळली. दोन्हीखाली एकच, डिगॉक्सिन.

त्यांनी समजावून सांगितलं. यांच्या हृदयाचे ठोके लयीत पडत नाहीत, ते आवरायला हे औषध. चांगलं औषध आहे, पण उपयोग आणि विष यात अंतर फार थोडं. जास्त झालं की जेवण नको होतं, सगळं पिवळं दिसतं, ठोके मंदावतात. म्हणून जुन्या डॉक्टरांनी आठवड्याला पाचच दिवस लिहिलं होतं, शनिवार-रविवार सुट्टी. पुढं दवाखान्यात दुसऱ्या कंपनीची पट्टी आली. तेच औषध, नाव वेगळं. चिठ्ठीवर सुट्टी लिहायची राहिली, आणि जुनी पट्टी बंद करा हेही कुणी सांगितलं नाही.

"मग तुम्ही दोन्ही का घेतल्या काका?"

हे बाकावरूनच म्हणाले, "नाव येगळं म्हंजी आयटम येगळा. नव्या आयटमला नवा डबा. जुना शिल्लक व्हता, तो बी चालू ठेवला. इश्यू झालेलं कसं फेकायचं?"

स्टोअरच्या हिशेबानं बरोबर होतं.

मॅडम म्हणाल्या, "चूक आमची पण आहे. नवी पट्टी देताना आमच्या खिडकीनं विचारायला हवं होतं. माफ करा काका." त्या संपूर्ण महिन्यात माफी मागणारं हे एकच माणूस मला भेटलं, आणि चूक त्यांच्या हातची नव्हतीसुद्धा.

तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी त्यांना सांगितलं, "मॅडम, सकाळी उलटी झाली की मला वाटायचं औषध वाया गेलं. मी वाटीत होत्या तशाच गोळ्या यांच्याकडून डब्यातून मागून घ्यायची आणि परत द्यायची. कधी कधी तर दोनदा."

त्यांनी लिहिणं थांबवलं. मला रागावल्या नाहीत, यांचा हात हातात घेऊन नाडी मोजली. अडतीस. लगेच डॉक्टरांना बोलावलं, हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, डिगॉक्सिनचा डोस दुप्पट, तिप्पट गेलाय. पेसमेकरच्या आधी लेव्हल तरी बघा." पलीकडचा आवाज चढलेला मला ऐकू येत होता. या बोलत राहिल्या, आवाज न चढवता.

लेव्हल म्हणजे रक्तात औषध किती साठलंय ते. रिपोर्ट आला, भरपूर साठलं होतं. किडनी वयामुळं मंद, म्हणून बाहेरही पडत नव्हतं. पेसमेकर बसवायचं थांबवलं. त्याच खाजगी हॉस्पिटलात पाच दिवस यांना मॉनिटर लावून ठेवलं, छातीला तारा, वर हिरवा आकडा. तो आकडा चाळीसवरून हलत नव्हता तेव्हा मी खुर्चीत बसून नुसते माझे हात बघायची. हा माणूस गेला असता तर याच हातांनी गेला असता. तिसऱ्या दिवशी पन्नास झाले. पाचव्या दिवशी बासष्ट.

डिस्चार्ज देताना हृदयाचे ते डॉक्टर म्हणाले, "हिस्ट्री नीट सांगत जा ना तुम्ही." मी त्यांच्या फाईलमधली स्टेपल केलेली चिठ्ठी उलटून त्यांच्यासमोर ठेवली.

आता आमच्याकडं एकच पारदर्शक डबा आहे. नवी पट्टी आली की मी भिंग घेऊन खालची बारीक अक्षरं जुन्या पट्टीशी जुळवते. उलटी झाली तर परत गोळी देत नाही, आधी फोन करते. एवढ्या दोनच गोष्टी तुम्ही करा, बाकी तुमचं तुम्ही बघा. ट्रंक मी तीनदा सोड्यानं धुतली, तरी तिच्यात काही ठेवावंसं वाटत नाही.

घरी आल्यावर आठवडाभरानं मी भात वाढला. हे ताटाकडं बघत राहिले.

"पांढरा हाय," म्हणाले.

पहिल्या घासाआधी सांगून टाकायचं मी ठरवलं होतं. "अहो, उलटी झाल्यावर मी गोळ्या मागून घ्यायची ना, परत द्यायला? त्यानं तुमचं विष वाढलं. माझ्यामुळं."

यांनी घास कालवला, खाल्ला, सावकाश चावला. मी हात पदरात लपवून उभी होते. यांनी पदर बाजूला केला, माझा हात ओढून नाकाजवळ धरला. मला वाटलं, आता झटकतील.

"लसूण ठेचलाय तू," हे म्हणाले. "मग ठेचा कुठं लपवून ठिवलास? आण की."