भावकीला बर्फ नाही

“कोन्त्या गावचे?” ग्लास हातात देण्याआधी काका हे विचारणारच. नागपूर हायवेवरच्या मालेगावच्या बसस्टँडसमोर त्यांची रसवंती, शेजारी माझं मोबाइलचं दुकान. मग आडनाव, मग मामाचं गाव, की लगेच “घ्या! नातं लागते आपलं!”

परक्याला अर्धा ग्लास बर्फ. नातेवाइकाला बर्फ नाही, काठोकाठ रस. मग नातं नाकारायची कोणाची छाती, सांगा बरं? एकदा तामिळनाडूचा ट्रकवाला आला. काकांचे आजोबा कधीकाळी रामेश्वरला जाऊन आले होते. झालं, तोही सोयरा!

अशा माणसाला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. नेहमीच्या औषधांनी डोक्यावरचे केस तेवढे गेले, गाठ जागची हलेना. मी त्यांना नागपूरला घेऊन गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, “आमच्या एआयनं तुमची गाठ हजारो रुग्णांच्या गाठींशी ताडून पाहिली. चौघांची अगदी तुमच्यासारखी निघाली. त्यांना दिलेलं औषध तुम्हाला देऊन पाहू.”

काका ताडकन उठून बसले. “म्हंजे भावकी निघाली ना! कोन्त्या गावचे?”

“नाव-गाव सांगता येत नाही, काका.”

“कमाल हाय! भावकीत नाव लपवते का कोनी? बरं, तब्येती कशा हायेत त्यायच्या? ते समजल्याबिगर मी गोळी घेत नाही.”

मी कपाळाला हात लावला. अहो, इथे जिवाशी गाठ आणि यांना ख्यालीखुशाली सुचतेय!

“तिघं बरे आहेत,” बाई म्हणाल्या. “चौथे गेले.”

घरी येताच काकांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि चक्क सुतक धरलं. भर उन्हाळ्यात रसवंती बंद! “नाव ना गाव, कायचं सुतक? डोकं फिरलं काय तुमचं?” काकू कडाडल्या. मुंडणाचीही तयारी होती, पण केस उरले होते कुठे! सुतकात गोळी चालते का, हेही मलाच बाईंना फोन करून विचारावं लागलं. चालते म्हणाल्या.

गोळी लागू पडली. पुढचा अख्खा उन्हाळा काका चरकापाशी उभे होते. तपासणीला गेले की बाईंना बजावायचे, “माहीबी गाठ टाकून ठेवा त्या कम्प्युटरात. भावकीच्या कामी येईन.”

दिवाळीनंतर ते गेले. फार आठवण येते हो.

परवा बाईंचा फोन आला. एका नव्या रुग्णाचं औषध ठरवताना एआयनं काकांची गाठ पुढे केली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “कोणत्या गावचे?” बाई नुसत्या हसल्या.

काकूंना सांगायला गेलो. चरकावर आता त्याच असतात. त्यांनी चरक थांबवला. मग म्हणाल्या, “तब्येत कशी हाय त्यायची?” आणि एक ग्लास काठोकाठ भरून त्यांनी फळीवर ठेवला. बर्फ टाकला नाही.