पद्माआक्कांच्या पेट्रोलात पाणी!

“सायेब, पंप आत्ताच्या आत्ता सील करा. पाणी इकत्यात आमाला!”

माझा एक पाय अजून गाडीतच होता. कुंडलच्या अलीकडच्या त्या पंपावर निम्मं गाव गोळा झालं होतं आणि कडेला बंद पडलेल्या मोटारसायकलींची रांग लागली होती. सगळ्यांच्या पुढे हणमंततात्या. द्राक्षबागायतदार, गावातलं वजनदार माणूस, आणि आवाज त्याहून वजनदार.

मी एका तेल कंपनीत सेल्स ऑफिसर आहे. सांगली-सातारा भागातले पंप माझ्याकडे. निम्मा दिवस ‘कुठल्या कंपनीचं पेट्रोल चांगलं?’ याचं उत्तर देण्यात जातो आणि उरलेला, ते उत्तर कुणालाच पटत नाही म्हणून चिडण्यात.

पंप पद्माआक्कांचा. नवरा गेल्यावर त्यांनी तो एकटीनं चालवला. त्या आत खुर्चीत बसून होत्या, समोरच्या चहावर साय धरली होती. “गवळणीला म्हणावं तसं म्हनाले हो मला. पानी घालती म्हनाले,” एवढंच बोलल्या. सील लागलं की लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत विक्री बंद. रिपोर्ट चांगला आला तरी सील लागलेल्या पंपावर गाव पुन्हा फिरकत नाही. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

मी बाहेर आलो. “झालं काय, ते तरी सांगा.”

“सकाळी हितं पेट्रोल टाकलं. मैलभर गेलो न्हाई तवर गाड्या गचकं खाया लागल्या. समद्यांच्या! ह्या कंपनीचं पेट्रोलच पातळ. त्या दुसरीचं कसं घट्ट असतंय!”

घट्ट! पेट्रोल म्हणजे काय बासुंदी आहे? या भागात कंपन्या बरेचदा एकाच डेपोतून टँकर भरतात, एकमेकींचं पेट्रोलही उचलतात. फरक असतो तो वरून घातलेल्या थोड्याशा औषधाचा, जे इंजिन आतून स्वच्छ ठेवतं. हे मी आयुष्यात इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. तात्यांनाही सांगितलं. तात्यांनी सुपारी चघळत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या. सील कवा लावताय?”

मग तपासणी. पंपाचं पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं. त्यात एक लांब काठी सोडतात. काठीच्या टोकाला पेस्ट लावलेली असते, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. रंग बदलला नाही. मग घनता मोजली. तीही बरोबर.

“काठी तुमचीच, पेस्ट तुमचीच,” तात्या म्हणाले. “आमी काय खुळं हाय व्हय?”

डोकं सणकलं. पण चिडून आक्कांचा पंप वाचणार नव्हता. मी काचेच्या दोन बरण्या मागवल्या. एकीत सर्वांसमोर पंपाच्या नळीतून पेट्रोल घेतलं. स्वच्छ, एकसारखं. दुसरीत एका बंद गाडीच्या टाकीच्या तळातून, बारीक नळी घालून काढलं. ते बरणीत स्थिर झालं आणि गर्दी पुढे सरकली. वर पेट्रोल, खाली पाणी. आणि ते पाणी लालसर पिवळं.

“तात्या, माझ्या टँकरमधलं पाणी हळदी-कुंकवाचं कसं?”

मी पुढच्या गाडीच्या टाकीचं झाकण बघितलं. झाकणाभोवती खोलगट जागा असते. तिथं पडलेलं पाणी खाली निघून जावं म्हणून एक बारीक भोक असतं. त्या भोकात दोन अक्षता घट्ट बसल्या होत्या.

“खंडेनवमीची पूजा टाकीवरच केली ना?”

“मग कुठं करायची? आन् आज सकाळी धुतल्या की गाड्या.”

“कशानं?”

आता तात्या आभाळाकडे बघू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, “तात्यांच्या एचटीपीनं.”

एचटीपी म्हणजे द्राक्षबागेला औषध मारायचा जोरदार पंप. तात्यांनी मोठ्या मनानं सगळ्या आळीच्या गाड्या त्या फवाऱ्यानं धुऊन दिल्या होत्या. फवाऱ्यानं अक्षता भोकात ठासल्या, पाणी झाकणाभोवती साचलं. पेट्रोल भरायला झाकण उघडलं की ते सगळं आत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, यांच्याच उसापासून केलेलं. ते थोडं पाणी जिरवतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोल सोडून त्या पाण्यासकट तळाला बसतं, आणि गाडी पेट्रोल ओढते तळातूनच. मग कुठल्याही कंपनीचं टाका, गाडी गचके खाणारच.

“मंजे पेट्रोल चांगलं हाय म्हना की,” तात्या हलक्या आवाजात म्हणाले. “आक्का, टाक्या सुकवून आनतो. मग फुल करा.”

पद्माआक्का केव्हा बाहेर आल्या मला कळलंच नाही. “भरीन. पन आधी बोला तात्या. सकाळी रस्त्यावर ओरडून बोलला, तसंच ओरडून बोला.”

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग खरंच रस्त्याच्या कडेला जाऊन ओरडले, “आक्काच्या पेट्रोलात पानी न्हाई! चूक माजी हाय!” उसाचा एक ट्रॅक्टरवाला थांबून बघत राहिला. आक्कांनी डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच नोकरांवर खेकसल्या, “उभे काय? गिऱ्हाइकं बघा!” मला त्या क्षणी फार बरं वाटलं. दिवसभरातलं तेवढंच.

कारण निघताना तात्यांनी मला बाजूला घेतलं. “सायेब, आता खरं सांगा. माज्या चारचाकीत कुठल्या कंपनीचं टाकू? का ते शंभरवालं म्हागाचं टाकू?”

मी उरलासुरला धीर गोळा करून सांगितलं. शंभर म्हणजे ऑक्टेन, पेट्रोल इंजिनात अवेळी भडकू नये याचं माप. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं पुरे. साध्या गाडीला शंभरवालं म्हणजे शेळीला पेंड चारून बैलाच्या कामाची आशा करणं. कंपनी कुठलीही चालेल, फक्त पंप चांगल्या खपाचा आणि नीट सांभाळलेला हवा.

“तुमी सोता कुठलं टाकता?”

“वाटेत लागेल ते.”

तात्या हसले. गर्दीकडे वळून म्हणाले, “सायेब सांगत न्हाईत गड्या. शीक्रेट हाय त्येंचं.”

तेव्हापासून मी समजावणं सोडून दिलंय. कोणी विचारलं की आधी विचारतो, तुमच्या घराजवळ कुठला पंप आहे? मग थोडा विचार केल्यासारखं करतो, आवाज खाली आणतो आणि त्याच कंपनीचं नाव सांगतो. आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही.