तांदळातली लेन्स

भूतबित मी मानत नाही. मसणाच्या बाजूच्या शेतात चाळीस वर्षं राबले. तिथे मला एकदा साप चावला, दोनदा ताप आला, बाकी कोणी भेटायला आलं नाही. माझी नात रोशनी मोबाईलवरचे लोकांचे असले अनुभव मोठ्याने वाचून दाखवते तेव्हा मी हसते — पांढरी साडी, पैंजण, उलटे पाय... लोकांना कामं नाहीत, असं म्हणते. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली. मी चौथी शिकलेली आहे. वहीत मी लिहिलं, टाईप रोशनीने केलं. शब्द बदलू नको म्हणून तिला बजावलं आहे.

आमचं गाव आमगाव तालुक्यात, रेल्वे फाटक ओलांडून दोन कोस आत. गावतलावाच्या खाली आमची एक बांधी आहे, म्हणजे बांध घातलेला धानाच्या शेताचा तुकडा. गोष्ट मागच्या श्रावणातली, भर उजेडातली.

रोशनीकडे कॅमेरा आहे. मोठा, लेन्स काढता-घालता येते तसला. मोबाईलच्या दुकानात दोन वर्षं काउंटरवर उभी राहून तिने तो घेतला, तोही वापरलेला. सोबत आलेली लेन्स उन्हात बरी चाले, पण घरात, मंडपात फोटो धूसर. गोंदियात लग्नाचे फोटो काढणारा एक माणूस तिला कामावर घ्यायला तयार होता. अट एवढीच — कमी उजेडात चालणारी लेन्स स्वतःची आण, आणि त्याच लेन्सने काढलेले माणसांचे फोटो शनिवारपर्यंत दाखव. नाहीतर तो दुसरी पोरगी बघणार होता. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, याचीच वाट बघत होता. "कॅमेरा विक अन् शिलाई मशीन घे," हे त्याचं रोजचं.

आम्ही दोघी गोंदियाला गेलो. दुकानदाराने आधी हातभर लांबीची लेन्स काढली. "माताजी, बच्ची को ये दिला दो. तालाब के उस पार का सारस भी दिखेगा."

मी म्हटलं, "लग्नात नवरी तलावापार बसते काय?"

तो हसला आणि एक छोटी लेन्स पुढे ठेवली. मुठीत मावेल एवढी. पन्नासची म्हणतात तिला. जवळची माणसं साफ येतात, मागचं सगळं धूसर होतं, दिव्याच्या उजेडातही चालते. तिच्यावर उजेडाचा वेगळा आकडा असतो, तो लहान. आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आणि किंमतही जास्त. उलटा कारभार. नवी घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. रोशनीने लेन्स परत ठेवली, पण हात काही लवकर उचलला नाही. तेव्हा दुकानदारानेच सांगितलं की आमगावात एका फोटोग्राफरची बायको आहे, नवरा वारला, त्याचं सामान ती विकते आहे.

ती बाई माझ्याहून थोडी लहान. तिने आम्हाला चहा दिला, आणि स्वयंपाकघरातून तांदळाचा डबा आणून पुढ्यात ठेवला. मला वाटलं तांदूळच विकते की काय. तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि फडक्यात बांधलेली लेन्स वर काढली.

"पावसाळ्यात काचेले बुरशी धरते बापा," ती म्हणाली. "तांदूळ ओल वढते. ते होते तवापासून असंच ठेवून राहिली मी. दरसाली तांदूळ बदलवतो."

"अन् जुना तांदूळ?" मी विचारलं.

"खातो. टाकतो काय?"

मला बाई आवडली. रोशनीने मोबाईलचा टॉर्च लावून काचेतून आरपार पाहिलं. बुरशी नाही, ओरखडा नाही, विहिरीच्या पाण्यासारखी काच. "घेऊन जा," बाई म्हणाली. "आठ दिवस काढून पाहा. नाई जमली तं पुन्हा तांदळात."

दोन दिवसांनी आमच्या बांधीत रोवणी होती. चिखलात धानाचे पऱ्हे लावायचं काम. दहा बाया आल्या. मी सहा वर्षांपासून रोवत नाही. पाठ गेली. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री घेऊन बसते आणि पऱ्ह्याच्या पेंढ्या पुढे फेकते. त्याआधी मी रोवायची ते डाव्या हाताने. जेवताना आईने मारून मारून उजवा हात शिकवला, पण चिखलात हात कोण बघतो. डावखुऱ्या बाईचं कोपर शेजारणीला लागतं, म्हणून मला नेहमी ओळीच्या डाव्या टोकाला उभं करत. हे लक्षात ठेवा.

रोशनी समोरच्या धुऱ्यावर होती. बाया मधे, मी त्यांच्या पलीकडे. तिने जुन्या लेन्सने काही फोटो काढले, मग माझ्याकडे आली. वाऱ्याने कचरा आत जाऊ नये म्हणून मी पदर धरला, तिने लेन्स बदलली, परत जागेवर गेली आणि पन्नासच्या लेन्सने काढले. बाया ओरडत होत्या, "आमचे ढुंगणंच काढून राहिली का वं? एखांदं तोंड बी काढ!"

बांधी दुपारच्या जेवणालाच उरकली. दरवर्षी चार वाजतात. हात चालले म्हटलं.

जेवताना रोशनीने फोटो दाखवले. बाया कॅमेऱ्यावर पडल्या. "ही मी." "हे माह्यं हिरवं लुगडं." "ही रेखा, कमरेले पिशवी तिचीच." तोंडं कोणाचीच दिसत नव्हती, सगळ्या वाकलेल्या, तरी प्रत्येकीने स्वतःला शोधलं. मग रोशनी हळूच म्हणाली, "आजी, एक उरली."

पुन्हा मोजलं. नावं घेतली की दहा. बोट ठेवलं की अकरा. जुन्या लेन्सच्या फोटोंत दहाच. नव्या लेन्सच्या प्रत्येक फोटोत अकरा. अकरावी ओळीच्या डाव्या टोकाला होती. तिच्या उजव्या हातात पेंढी, डावा हात चिखलात.

चंद्रकला आमच्यात सगळ्यांत जुनी. तीस वर्षं माझ्या शेजारी रोवलेली, माझं कोपर खाल्लेली. ती फोटोकडे बघून म्हणाली, "बुढे, हे तं तू होय."

"मी धुऱ्यावर होती."

"धुऱ्यावर बी तूच हायेस."

होते. मागे, छत्रीखाली बसलेली. लेन्सच तशी, मागचं धूसर करणारी, म्हणून मी म्हणजे नुसता एक पांढुरका डाग. टोकाची मात्र साफ होती. तिच्या टाचेची भेग दिसत होती.

बाया भाकरी संपवून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मी बांधी बघून आले. सगळ्या ओळी सारख्या. रोप कोणी लावलं ते रोप सांगत नाही.

रोशनीने लेन्स काढून फडक्यात बांधली. "मी नाई घेत हे."

"काऊन?"

"तुले भेव नाई लागत?"

"मले कायचं भेव? मेलेलं कोणी दिसलं असतं तं वेगळी गोष्ट. मी जिती हाये. काच साफ हाये ना?"

"हाये."

"फोटो चांगला हाये ना?"

तिने कॅमेरा चालू करून फोटो पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "आतापर्यंत काढलेल्यात सगळ्यात चांगला."

"मंग? शिलाई मशीन घेतेस काय?"

आमगावच्या बाईकडे मी एकटी गेले. लेन्सचे पैसे दिले आणि विचारलं, हिच्यात कधी काही वेगळं दिसलं होतं का. ती म्हणाली, "मी कधी फोटोच नाई काढला बाई. मी तं तांदूळ बदलवत होती." मग तिने विचारलं, "परत करता का?" मी नाही म्हटलं. तिने मला जुना तांदूळ बांधून दिला. तो आम्ही खाल्ला. तांदळासारखाच होता.

शनिवारी गोंदियाच्या त्या लग्नाच्या फोटोवाल्याने रोवणीचा फोटो मोठा करून बघितला. "बढिया. पीछे बुढिया ब्लर, आगे सब शार्प. तुलसी-विवाह के बाद से आ जाओ." बाया त्याने मोजल्या नाहीत. बाया कोण मोजतो.

रोशनीचं बरं चाललं आहे. लग्नात ती तीच लेन्स वापरते. नवरी एकच येते, नवरदेव एकच, जास्तीचं कोणी आलेलं नाही. कोणी म्हणेल फोटोवर फोटो चढला असेल. रोशनी म्हणते या कॅमेऱ्यात तसं होत नाही, आणि सहा वर्षांत मी चिखलात उतरलेच नाही तर चढणार कोणता फोटो? पाठ गेली तेव्हा घरचे हळहळले होते, पण खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. वाटलं, सुटले.

यंदाच्या रोवणीला मी शेतावर गेलेच नाही. छत्रीही नेली नाही. ओट्यावर खाट टाकून पडून राहिले. रोशनी गोंदियाला होती, कॅमेरा तिच्याजवळ. दुपारी चंद्रकला पाय चिखलाचे घेऊन घरी चालली होती, ती ओट्यासमोर थांबली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"यंदा बी जेवणालेच उरकलं वं, बुढे," ती म्हणाली.

मी तिला विचारलं नाही, ओळीत किती होत्या. कूस बदलली. पाठ दुखत होती, पण ती रोजच दुखते.