सरळ धरलेला तांब्या

"हात काळे दिसतात बाय. पदर घे बोटांवर," फोटोवाला म्हणाला.

मी घेतला. लगेच. विचारसुद्धा केला नाही.

भर दुपार. काजूचा हंगाम. आमच्या मातीच्या घरासमोर नवा आमदार उभा, गळ्यात अजून सकाळचा झेंडू. माझ्या दोन्ही हातांत पितळेचा तांब्या. तो मी चिंच आणि राख लावून एवढा घासला होता, की त्यात माझंच तोंड दिसत होतं. तोंडावर अकलेचा पत्ता नव्हता. ते मात्र दिसलं नाही.

"आता सायबांक दी."

मी दिला. आमदाराने तांब्या ओठांशी नेला. मान थोडी वर. खट् असा आवाज झाला. "आनीक एकदां," फोटोवाला म्हणाला. पुन्हा खट्. "जालें."

झालं म्हटल्यावर आमदाराने तांब्या खाली घेतला आणि मागे न बघता ड्रायव्हरकडे दिला. ड्रायव्हरने तो काजूच्या बुंध्यात उपडा केला. सगळं पाणी. मग तांब्या माझ्या हातात न देता उंबऱ्याजवळ जमिनीवर ठेवला. "कसलो उकाडो," असं म्हणत आमदार गाडीकडे गेला. सोड्याची बाटली काढली आणि उभ्याउभ्या संपवली. त्याचा गळा वरखाली होताना मी बघितला. तहान होती त्याला. खरी.

मी दारात हसत उभी होते. हे सांगायलाच हवं. हसत होते.

तांब्यात होतं ते घरातलं शेवटचं पाणी. डोंगराखालच्या झरीवरून ते आणायला जाऊन-येऊन तासभर लागायचा. गाडी गेली तशी मी घागर घेऊन पुन्हा उतरले. चढताना गाणं म्हणत होते म्हणे. सासूने नंतर सांगितलं.

आम्ही मुंडकार. घर आपलं, पण ते भाटकाराच्या जमिनीत. भाटकाराची बाव, म्हणजे विहीर, आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. भर चैत्रातही तिला चार पुरुष पाणी. त्या बावीच्या काठाला आमच्या वाड्यातल्या कुणाचा हात लागायचा नाही. भाटकाराकडे कामाला गेलं, की पाणी करवंटीत. गोठ्याच्या भिंतीत दगडांच्या फटी होत्या, तिथे प्रत्येकीची करवंटी खोचलेली. माझ्या करवंटीच्या कडेला एक खाच होती, त्यावरून मी ती ओळखायची. तहान लागली की करवंटी घेऊन उकिडवं बसायचं आणि वरून भाटकारीण कोपाने, म्हणजे पेल्याने, पाणी ओतायची. काचेचा कोप वर, करवंटी खाली. मध्ये हातभर अंतर. थेंब उडला तर तिची आंघोळ.

आणि नवा आमदार हा त्या भाटकाराचा सख्खा पुतण्या. ती बाव त्याच्या घरची. म्हणजे माझ्या दारात येऊन माझं पाणी पिण्याचा फोटो काढायचं त्याला कारणच नव्हतं. काकाला एक शब्द सांगितला असता तरी पुरलं असतं.

हे मला आज कळतं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि अक्कल अजून झबल्यात होती.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. त्याआधी भाषेवरून डोकी फुटली होती. कोकणी की मराठी. आमच्या वाड्यावर दोन्ही भाषांत पाणी नव्हतं. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली, वाड्यात लिहिता येणारी मी एकटीच बाई. म्हणून अर्ज मी लिहिला होता. वाड्याला सरकारी बाव हवी. खाली अकरा घरांची नावं, चार सह्या, बाकी अंगठे. आमदार येणार म्हटल्यावर तो कागद मी कमरेला खोचून ठेवला होता. तांब्या द्यायचा आणि पाठोपाठ अर्ज द्यायचा, असं ठरलं होतं.

कागद कमरेलाच राहिला.

कुणी अडवलं नाही मला. तो हिसकावून कुणी फाडला नाही. मी विसरले. फोटोत येणार म्हणून विसरले. झरीवर पोचून घागर लावली तेव्हा कमरेला टोचलं, तेव्हा आठवलं. अकरा घरांच्या सह्या-अंगठे घामाने भिजले होते.

चार दिवसांनी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं की लोकांचे आमदार मुंडकार भगिनीच्या हातचं पाणी पिताना. भगिनीचं नाव नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी तो कापून पेजेने जनेलाच्या, खिडकीच्या, वर भिंतीला चिकटवला, देवाच्या कॅलेंडरशेजारी. झरीवर बायकांनी मला पुढे घेतलं, पहिली घागर मला भरू दिली. एक दिवस. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रांगेत. पण रुबाब महिनाभर टिकला. कुणी घरी आलं की मी दिवा फोटोजवळ सरकवायची.

सासू माझी कमी बोलणारी बाई. तिला अक्षर येत नव्हतं. फोटोकडे ती येताजाता बघायची, बोलायची नाही. एका दुपारी मी तांदूळ पाखडत होते. ती जनेलाखाली बसून सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली,

"गो, तांब्यो सरळ आसा."

"खंयचो तांब्यो?"

"फोटोतलो. सरळ तांब्यातसून पाणी येता काय?"

मी उठून बघितलं. महिनाभर दिवा दाखवून लोकांना दाखवला होता तो फोटो. तांब्या सरळ होता. काठ ओठांना लागलेलासुद्धा नव्हता, बोटभर लांब होता. त्याने दोनदा मान वर केली होती, दोन्ही वेळा तांब्या हलू दिला नव्हता. एक थेंब ओठाला लागू नये म्हणून. सवयीचा हात होता. आणि माझी बोटं पदराखाली. बिया भाजून, फोडून, चिकाने काळी पडलेली बोटं. ज्यांच्या हातचं पाणी पितोय म्हणून छापलं होतं, ते हात फोटोत नव्हतेच.

"तुका त्याच दिवशी दिसला?" मी विचारलं.

"मी दारात होतंय मगे."

"मग सांगलंस नाय कित्या?"

"तू गाणी म्हणत होतंस," सासू म्हणाली.

मला राग आला नाही. रडू आलं नाही. मी बसले आणि उरलेले तांदूळ पाखडले. संध्याकाळी झरीवर गेले. फोटो काढला नाही. राहू दे म्हटलं, रोज दिसू दे. पावसाळ्यात वाळवी लागली, आमदाराचा एक कान गेला. तांब्या सरळच.

मग बरीच वर्षं तशीच गेली. अर्ज मी आणखी तीनदा लिहिला. कागद पेडण्याला तालुक्याच्या कचेरीत जायचे, परत यायचे नाहीत.

पुढे पंचायतीत बायकांच्या जागा आल्या. आमचा वॉर्ड बायकांचा झाला. भाटकाराने विचार केला असणार, कुणीतरी बाई उभी करायचीच, तर गरीब गाय बघावी. त्याने माझं नाव सुचवलं. का, तर ती फोटोतली, सायबांना पाणी दिलेली. वाड्याने पण मला मत दिलं, अर्ज लिहिते म्हणून. दोघांची कारणं वेगळी, मत एकाच पेटीत. मी निवडून आले.

आणि मग मी काय केलं? बाव मागितली? नाही. तीन दिवस लोकांचे हार घेतले. तिसऱ्या दिवशी निरोप आला, आमदार येतायत, पेपरवाले येतायत, तसाच फोटो काढायचा, तेच घर, तोच तांब्या, फक्त आता बाय पंच आहे. मी जांभळी साडी नेसले. पावडर लावली. केसांना एवढं तेल की माशी बसली असती तर घसरली असती. तांब्या घासला. सासू तोवर गेली होती, नाहीतर दोन शब्दांत माझी हवा काढली असती.

तांब्यात पाणी भरलं आणि भिंतीवरच्या आरशात बघून उभं राहायचा सराव केला.

आरशात बघितलं तर माझी बोटं पदराखाली होती.

कुणी सांगितलं नव्हतं. घरात फोटोवाला नव्हता. मी एकटी होते. हात आपोआप झाकले गेले होते.

आत काही हललं नाही. बधिर. दाढ काढायच्या आधी गाल होतो तसं. मग पदर काढून खोचला. तांब्यातलं पाणी घागरीत परत ओतलं. तांब्या फळीवर ठेवला. भाटकाराच्या गोठ्याकडे गेले. खाचेची करवंटी अजून भिंतीत होती. ती काढली. भाटकारीण म्हणाली, "पंच जालेंस आनी आज कामाक?" मी म्हटलं, "पाणी ओता." तिने सवयीने ओतलं. मी करवंटी न सांडता घरी आणली.

आमदार आला. आता पोट सुटलं होतं. दोन फोटोवाले. मी दोन्ही हातांनी करवंटी पुढे केली. हात उघडे.

"तांब्यो खंय?" एक फोटोवाला म्हणाला.

"फळयेर."

आमदार हसला. "पंचबाय मस्करी करतात."

"मस्करी नाय सायबानू. पाणी तुमच्याच बावीचा आसा. तुमच्या काकीन ओतलेला. करवंटी तेवढी माजी. आदी पिया. मग फोटो."

तो करवंटीकडे बघत राहिला. मग घड्याळाकडे. "उशीर जाता," तो म्हणाला. दोन्ही कॅमेरे खाली आले. मी करवंटी खाली ठेवली आणि जुना अर्ज दिला, तोच, घामाचे डाग पडलेला. त्याने घेतला आणि मागे न बघता ड्रायव्हरकडे दिला.

तेव्हा मला कळलं. मी ड्रायव्हरच्या हातातून कागद परत घेतला.

"हो कागद मीच पंचायतीत घेवन जातंय," मी म्हटलं. "पंच मी आसंय."

त्या हंगामात भाटकाराने आम्हाला काजू फोडायला दिले नाहीत. नवरा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पेपरात काही आलं नाही. कसं येणार, फोटोच नव्हता.

पहिल्या वेळी तो नवा होता, दुसऱ्या वेळी मी नवी. निवडून आल्या आल्या दोघांची नजर एकाच जागी होती, कॅमेऱ्यात. मला त्याच्यापेक्षा शहाणी म्हणवून घ्यायची सोय नाही. म्हणून मी अर्ध्या वाटेचा नियम केला नाही, पुरता केला. वाड्याचं पाणी होईपर्यंत माझा फोटो नाही. पाच वर्षांत एकही काढू दिला नाही. पंचायतीच्या भिंतीवर निवडून आलेल्यांच्या चौकटी आहेत, त्यात एक रिकामी आहे. लोक विचारतात, ही कोण. मी सांगते, तुमची आजी, पावडर लावायला गेलीय.

सरकारी बाव झाली. सहा वर्षं लागली, तोवर मी पंच राहिले नव्हते. ती चैत्रात आटते. तेव्हा वाड्याच्या बायका अजून बाल्दी घेऊन टँकरची वाट बघतात. भाटकाराच्या बावीला अजून चार पुरुष पाणी आहे, आणि तिला आता कुलूप आहे. म्हणजे काम झालेलं नाही. दर चैत्रात मी पंचायतीत जाऊन बसते, अर्ज देते, पोच घेतल्याशिवाय उठत नाही. नवे निवडून आलेले मोबाइल वर करून म्हणतात, आजी, एक फोटो. मी म्हणते, आधी बावीत उतर, तळाला चिखल आहे, तो दाखव.

मुलांना सांगून ठेवलंय. मी गेल्यावर पेपरात फोटो द्यायचा नाही. चैत्रात बावीला पाणी असलं तरच द्या. आणि मला अंगणात ठेवाल तेव्हा हात पदराखाली घालायचे नाहीत.