याह्या म्हणजे जगतो

शेजारच्या याह्याचाचांच्या कबरीवर दगड बसवला, तो बघायला त्यांच्या पुतण्याबरोबर गेलो होतो.

"याह्या म्हणजे काय रे?" मी सहज विचारलं.

"अरबी नाव आहे, काका. याह्या म्हणजे जगतो. दादीची आधीची मुलं वाचली नाहीत, म्हणून ठेवलं."

आमच्याकडे अशा वेळी दगडू ठेवतात. मरणानं दगड समजून पुढं जावं म्हणून. या माउलीनं मात्र मरणाला तोंडावरच सांगितलं होतं, आणि ऐंशी वर्षं त्यानं ऐकलंही.

पुतण्या पाणी आणायला गेला. भर दुपारी झाडाचं पान हलत नव्हतं. दगडावर नाव तेवढंच कोरलेलं: याह्या. म्हणजे जगतो.

रोजच्या सवयीनं तोंडून हाक गेली, "याह्याचाचा!"

कुणी ओ द्यायच्या आत मी फाटकाबाहेर होतो.