मागे घेतलेलं विधेयक

आमच्या आमदारांनी विधानसभेत काय केलं असं कुणी विचारलं, तर मी सांगते: एक विधेयक मांडलं आणि ते स्वतःच मागे घेतलं. दोन्ही वेळी चौकात फटाके वाजले.

विधेयक आमच्यासारख्यांसाठीच होतं. ठाकुर्लीतली आमची पागडीची इमारत पालिकेने अतिधोकादायक ठरवली होती. जिन्याला टेकू होते आणि गिलावा कधी कुणाच्या ताटात पडेल सांगता येत नव्हतं. अशा वेळी रीत अशी, की खोली सोडण्याआधी पालिकेच्या माणसांकडून ती मोजून घ्यायची आणि क्षेत्रफळाचा दाखला जवळ ठेवायचा. उद्या नवी इमारत उभी राहिली की त्या दाखल्यावर मालकाकडे हक्क सांगता येतो. दाखला नसेल तर तुम्ही तिथे जन्मलात काय नि मेलात काय, मालकाला सारखंच. आमदारांच्या विधेयकात म्हटलं होतं, की मोजणी असो वा नसो, राहत्या भाडेकरूला घर मिळालंच पाहिजे.

आमच्या शेजारी एक काका-काकू राहायचे. काका एमआयडीसीतल्या कंपनीतून निवृत्त झालेले, काकूंचे गुडघे गेलेले. मूलबाळ नाही. या जगात त्यांचं म्हणावं असं काही होतं तर त्या दोन खोल्या. विधेयक मांडल्याचा बॅनर चौकात लागला त्या दिवशी काका आमच्या दारात येऊन म्हणाले, "बाई, झालं काम! आता आपल्याला कोणी हलवत नाय."

मी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. म्हटलं, "काका, विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला असं नाही. वरात निघाली म्हणून लग्न लागत नाही."

"तुम्हाला सगळ्यात वाकडंच दिसतं," म्हणाले आणि गेले.

चर्चेच्या दिवशी आमदारांनी आमच्या इमारतीसाठी बस आणि गॅलरीचे पास पाठवले. बायकांनी ठेवणीतल्या साड्या काढल्या, काकांनी लग्नाकार्याचा सफारी चढवला. तो शुक्रवार होता. शुक्रवारी दुपारनंतरचा वेळ आमदारांच्या खाजगी विधेयकांसाठी असतो, आणि नेमकी त्याच वेळी बहुतेक आमदारांना आपापल्या मतदारसंघाची अनावर ओढ लागते. खाली बाकं ओस पडली होती. आमचे आमदार उठले, गरिबांच्या डोक्यावरचं छप्पर वगैरे बोलले. मग मंत्री उठले. शासन या विषयावर सकारात्मक आहे, म्हणाले, तरी सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. आमदारांनी एक श्वाससुद्धा वाया घालवला नाही. मंत्रिमहोदयांच्या आश्वासनाबद्दल त्यांनी आभार मानले आणि विधेयक मागे घ्यायला सभागृहाची अनुमती मागितली. अनुमती आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं, दहा-बारा जण "होय" म्हणाले आणि विधेयक मेलं.

काकांनी टाळ्या वाजवल्या. गॅलरीत टाळी वाजवायला बंदी असते, म्हणून रखवालदाराने येऊन त्यांचा हात धरला. काका त्याच्याकडेही बघून हसले. ते हसू मला अजून आठवतं.

परतताना बसमध्ये कार्यकर्त्यांनी पेढे वाटले. सरकारने शब्द दिला, म्हणाले. मी सगळ्यांदेखत काकांना सांगितलं, "विधेयक गेलं. तुमच्या डोळ्यांसमोर मागे घेतलं."

"सगळे होय म्हणाले, बाई."

"मागे घ्यायला होय म्हणाले!"

काकू हळूच म्हणाल्या, "मग आपण मोजून घेऊ या का हो?" काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हातातला पेढा त्यांनी घरापर्यंत तसाच धरून ठेवला.

पालिकेची माणसं टेप घेऊन आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी खोल्या मोजून घेतल्या. काकांनी दार उघडलं नाही. मोजायला दिलं की सोडायला कबूल झालो, हे त्यांचं गणित. आतून ओरडले, "साहेबांचा कायदा आहे!" माणसं 'नकार' लिहून निघून गेली. त्यांना काय पडलं होतं!

पुढच्या अधिवेशनात सरकारनेच एक विधेयक आणलं. धोकादायक इमारती पोलिसांकरवी झटपट रिकाम्या करता याव्यात म्हणून. ते आवाजी मतदानाने मंजूर झालं. मग आमचं पाणी तोडलं, वीज तोडली आणि एका सकाळी पोलीस आले. काकूंना दोन हवालदारीणबाईंनी खुर्चीसकट खाली उतरवलं. आमदारांचा फोन लागत नव्हता. आम्ही बाकीचे जवळपास भाड्याने पांगलो; काका-काकू दिवा स्टेशनपलीकडे एका स्वस्त भाड्याच्या खोलीत गेले. तिथे पाण्याचा टँकर येतो, कधी येत नाही. काकू तसल्या गुडघ्यांनिशी हंडे भरतात.

निवडणूक जवळ आली तशी आमदार पुन्हा कार्यालयात सापडू लागले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी माझे हात धरले, म्हणून मी काकांना घेऊन तिथे गेले.

"काका, बसा!" आमदार म्हणाले. गाऱ्हाणं ऐकून त्यांनी विचारलं, "मोजणीचा दाखला कुठाय?"

"नाही केली साहेब मोजणी. तुमचं विधेयक होतं ना."

"अहो, ते मी मागे घेतलेलं. तुम्ही तर होतात की तिथे."

माझा तोल गेला. मी विचारलं, "आणि आम्हाला बाहेर काढणाऱ्या सरकारी विधेयकाला तुम्ही होय म्हणालात की नाही?"

"आवाजी मतदान होतं ना बाई. त्यात कोणाचं नाव नाय लिहीत." त्यांनी चहा मागवला. "कुठे नोंद आहे ते दाखवा, मी उत्तर देतो."

काका खुर्चीच्या काठावर बसले होते. हात जोडून म्हणाले, "साहेब, मी पहिल्यापासून तुम्हालाच मत देत आलो. तेवढं तरी बघा."

आमदार मागे रेलले. "मतदान गुप्त असतं, काका. तुम्ही कोणाला दिलंत, मला काय माहीत?"

कार्यकर्ते खो खो हसले. आमदारही हसले. आणि साहेब हसले म्हणून, हात तसेच जोडलेले ठेवून, काकाही हसले. त्या क्षणी मला आमदारांचा राग आला नाही. मला काकांचा आला. असा आला, की त्यांना तिथेच सोडून मी एकटी घरी आले.