लाईट जायची वाट

सगळी गल्ली जिला आदरानं 'दोन्या' म्हणायची, त्या एनेरियाबद्दल फ्रेमिओ मास्तरांना खरं तर फारसं ठाऊक नव्हतं. तीस वर्षांचा शेजार, पण कुंपणावरून दिसेल तेवढाच. बानी गावातल्या त्या गल्लीत कुणी गेलं की नऊ दिवस प्रार्थना तीच म्हणायची, सगळ्या तोंडपाठ. ती एकटी का राहिली, हे विचारायचा धीर मास्तरांना कधी झाला नाही.

गेल्या वर्षी तिचा आवाज बसला तो बसलाच. दिवसेंदिवस आणखी खोल जाऊ लागला. प्रार्थना आईकडून आलेल्या, कुठल्याच पुस्तकात नसलेल्या. बाप्तिस्म्याच्या वेळी लेक मानलेल्या योस्कायराच्या हाती द्यायच्या तर आवाज पुरता जायच्या आत लिहून काढायला हव्या होत्या. योस्कायरानं एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. पण लिहायचं कशात? दोन्यानं मास्तरांना हाक मारली. त्यांची हयात टायपिंग शिकवण्यात गेली होती.

मास्तरांनी त्यावर लिहायची तीन सॉफ्टवेअर बसवून दिली. एक वर्गणीचं, एक इंटरनेटवर चालणारं, एक फुकटचं. तिन्हींचे गुणदोष वहीत लिहून आणले आणि चाचरत वाचू लागले.

"वही मिटा, मास्तर," ती कुजबुजली. "लग्नाच्या पोरी दाखवताय जणू. तिघांत एकेक ओळ लिहा आणि बसा."

"बसून काय करू?"

"दोन वाजता लाईट जाते ना? जाऊ दे. बघू कोण काय सांभाळतं."

बरोबर दोनला पडदा काळा झाला. दोघं कॉफी पीत बसले. चारला लाईट आली. वर्गणीवाल्यानं आधी पासवर्ड मागितला, तो दोघांनाही आठवेना. दुसऱ्याला इंटरनेट हवं होतं, ते अजून आलं नव्हतं. फुकटवाल्यानं मात्र आपणहून विचारलं, अर्धवट राहिलेलं परत आणू का? ओळ जशीच्या तशी आली.

"हा विचारतो तरी! ते दोघं म्हणजे माझे भाऊ," दोन्या हसली. तिला भाऊ आहेत, हे मास्तरांना तेव्हा कळलं.

मग तीन महिने ती कुजबुजायची, मास्तर कान तिच्या ओठांशी नेऊन मोठ्या अक्षरांत उतरवायचे. गेलेल्या तान्ह्या मुलांसाठीच्या प्रार्थनेत ती मध्येच थांबली. मास्तरांनी बोटं कळांवरून उचलली नाहीत. मग तिनं पुढची ओळ सांगितली.

दोन्या झोपेतच गेली. नऊ दिवस योस्कायरानं त्या कागदांवरून प्रार्थना म्हटल्या, कुठेही न अडखळता. ते कागद मास्तरांनी एकट्यानं छापून आणले होते. ती गेली त्याच्या आदल्या दुपारी शेवटची ओळ लिहून झाल्यावर मास्तर घरी निघाले आणि ती कुंपणापर्यंत सोडायला आली.

"मास्तर, कागद जाड आणा हं. पातळ पानं चुरगळतात."

"उद्याच आणतो. पांढरा ना?"

"पांढराच. आता पळा, तुमचा भात खाली लागला असेल."

"लागलाच असेल. येतो, दोन्या."